विद्याधरांचे राज्य



आज ज्या राज्याविषयी मी बोलणार आहे, ते कोणत्याही नकाशात सापडायचे नाही. तिथली माणसे आभाळातून ये-जा करतात, हवे ते रूप घेतात आणि हजार कोसांवर काय चालले आहे ते घरबसल्या जाणतात. या लोकांना विद्याधर म्हणतात. सोमदेव नावाच्या काश्मिरी कवीच्या ‘कथासरित्सागर’ या संस्कृत ग्रंथात त्यांचे राज्य आहे, आणि आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी आजीकडून ज्या गोष्टी ऐकल्या, त्यांतल्या काही तरी तिथूनच फिरत फिरत आपल्या ओसरीवर आलेल्या आहेत.

हा विषय मनात यायला एक कारण घडले. शिक्षकांच्या एका शिबिरात माझे बोलणे झाल्यावर एक गुरुजी मागे थांबले. प्राथमिक शाळेतले, वीस-बावीस वर्षे नोकरी झालेले. म्हणाले, “सर, मी शनिवारचा गोष्टींचा तास बंद केला आहे.” मी विचारले, का बरे? तर त्यांच्या गावात एका मुलाला साप चावला. घरच्यांनी त्याला दवाखान्यात न नेता आधी मांत्रिकाकडे नेले. तिथे रात्र गेली, आणि सकाळी पोरही गेले. गुरुजी म्हणाले, “एकीकडे आम्ही मुलांना सांगायचे की मंत्राने काही होत नाही, आणि दुसरीकडे मंत्र म्हणून उडणाऱ्या माणसांच्या गोष्टी सांगायच्या! मला ते जमेना.”

आता हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. महाराष्ट्रात 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो काही उगीच झाला नाही. तेव्हा मी घरी येऊन ते जुने पुस्तक पुन्हा उघडले, आणि ही उडणारी माणसे नेमकी कशाच्या बळावर उडतात ते जरा लक्ष देऊन पाहिले.

प्रथम ग्रंथाविषयी थोडे सांगतो. काश्मीरचा राजा अनंत याची राणी सूर्यवती. तिच्या मनाला विरंगुळा मिळावा म्हणून सोमदेवाने हा ग्रंथ अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात रचला. 18 लंबक, 124 तरंग आणि 21 हजारांवर श्लोक! पण सोमदेव स्वतः सांगतो की ही कथा मुळात माझी नव्हे, ती गुणाढ्याची. आणि हा गुणाढ्य कुठला? आपल्या गोदाकाठच्या पैठणचा, म्हणजे प्रतिष्ठानचा. सातवाहन राजाचा तो मंत्री. राजाला संस्कृत किती दिवसांत शिकवता येईल यावर त्याची दुसऱ्या पंडिताशी पैज लागली. गुणाढ्य म्हणाला सहा वर्षे, दुसरा म्हणाला सहा महिने. आणि सहा महिनेवाला जिंकला. (हल्लीच्या शिकवणीवर्गांच्या जाहिराती पाहिल्या की मला ही पैज आठवते.) पैजेप्रमाणे गुणाढ्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडल्या, तो विंध्याच्या रानात गेला आणि पिशाचांच्या भाषेत, म्हणजे पैशाचीत, त्याने सात लाख श्लोकांची कथा लिहिली. शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहिली, असे कथा सांगते. राजाने ती नाकारली. मग गुणाढ्य एकेक पान वाचून अग्नीत टाकू लागला, आणि रानातली हरणे, डुकरे, म्हशी चरणे सोडून भोवती बसून ऐकू लागली. डोळ्यांतून पाणी वाहते आहे आणि गवताला कुणी तोंड लावत नाही! राजाच्या ताटातले मांस सुके येऊ लागले तेव्हा चौकशी झाली. राजा धावत गेला, तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. उरले ते एक लाख, आणि ते विद्याधरांच्या चक्रवर्तीचे चरित्र होते.

विद्याधरांच्याच गोष्टी का, याचेही उत्तर ग्रंथाच्या आरंभीच आहे. कैलासावर पार्वतीने हट्ट धरला की मला अगदी नवी गोष्ट सांगा. तेव्हा शंकर म्हणाले, देव नेहमी सुखात असतात आणि माणसे नेहमी दुःखात. दोघांच्याही गोष्टीत रंग भरत नाही. तेव्हा या दोघांच्या मधल्या लोकांची गोष्ट सांगतो. हे मधले लोक म्हणजे विद्याधर. गोष्ट सांगणाऱ्याने ध्यानात ठेवावे असे हे बोल आहेत. ज्याला काहीच अडत नाही त्याची गोष्ट काय सांगणार?

तर हे राज्य हिमालयाच्या शिखरांवर, कैलासाच्या दक्षिणेला आणि उत्तरेला पसरलेले आहे. त्याचे दोन भाग आहेत, दोन्हीकडे वेगवेगळे राजे आहेत आणि त्यांच्यात भांडणे, सोयरिकी, पळवापळवी, सगळे आपल्यासारखेच. कौशांबीचा राजा उदयन, त्याचा मुलगा नरवाहनदत्त. हा माणसाच्या पोटी जन्मलेला राजपुत्र शेवटी या दोन्ही भागांचा चक्रवर्ती होतो, अशी सगळ्या ग्रंथाची मुख्य दोरी आहे. बाकीच्या शेकडो गोष्टी त्या दोरीला लोंबकळतात.

आता त्यांच्या शक्ती पाहू. विद्याधर या शब्दातच त्या आहेत. विद्या धारण करणारा तो विद्याधर. अजिंठ्याला किंवा वेरूळला जाल तर भिंतींवर आणि छताजवळ उडणारी जोडपी बघा. त्यांच्या पाठीला पंख नाहीत. पाय मागे दुमडलेले, वस्त्राचे शेव वाऱ्यावर मागे गेलेले, आणि चेहरा अगदी शांत. पक्ष्याला पंख जन्माने मिळतात. यांना उडणे विद्येने येते, आणि विद्या म्हटली की ती शिकावी लागते, साधावी लागते, कुणीतरी द्यावी लागते. बाप मुलाला देतो, बायको नवऱ्याला देते, प्रसन्न झालेली देवता देते. एक विद्या उडण्याची, एक रूप पालटण्याची. प्रज्ञप्ती नावाची एक विद्या आहे, ती तर मला फार आवडते. नुसते स्मरण केले की ती येते आणि अमुक माणूस आता कुठे आहे, काय करतो आहे, ते सांगते. पूर्वी मुले हे ऐकून तोंडाचा आ करीत. आता मुले म्हणतात, “सर, म्हणजे मोबाइल!” म्हणोत बापडी.

पण दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. जी वस्तू शिकून मिळते ती हातची जाऊही शकते. विद्याधराने उद्दामपणा केला, कुणाला छळले, की शाप मिळालाच. आणि शाप म्हणजे काय, तर विद्या विसरणार आणि माणसाच्या जन्माला जाणार. मानसवेग नावाचा एक विद्याधर नरवाहनदत्ताची बायको पळवून नेतो. एवढा सामर्थ्यवान, पण तिच्या मनाविरुद्ध तिला हात लावू शकत नाही. तसे केले तर मरशील, असा त्याला शापच आहे. दुसरीकडे शशिखंड नावाच्या विद्याधर राजाच्या मुलींची गोष्ट आहे. नदीवर स्नानाला गेल्या होत्या. पोरीच त्या, पाण्यात खेळ चालला होता. खेळता खेळता त्यांतल्या तिघींनी काठावरच्या एका मुनीवर पाणी उडवले. झाले! तिघीही मृत्युलोकात. मला विचाराल तर मुनीचे जरा जास्तच झाले. पण त्या शापातूनच पुढे शक्तिदेवाची गोष्ट निघते, आणि ती मात्र पुरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

वर्धमान नावाचे नगर. तिथल्या राजाची मुलगी कनकरेखा लग्नाला तयार होईना. बापाने फार आग्रह केला तेव्हा म्हणाली, “ज्याने कनकपुरी पाहिली असेल त्याच्याशी करीन.” कनकपुरी म्हणजे सोन्याची नगरी. राजाने दवंडी पिटवली. कुणीच पाहिलेली नाही, आणि कुणी नावही ऐकलेले नाही. त्याच गावात शक्तिदेव नावाचा ब्राह्मणाचा मुलगा होता, जुगारात सर्वस्व घालवून बसलेला. त्याने विचार केला, आता घरी बाप उभा करणार नाही, बाजारात कुणी पत देणार नाही; थाप मारून बघावी. कुणी पाहिलीच नाही तर खोटे ठरवणार कोण? गेला राजवाड्यात आणि म्हणाला, मी पाहिली आहे.

राजकन्येने त्याला काय विचारले असेल? एवढेच, की कोणत्या वाटेने गेलास, आणि नगरी दिसते कशी? गड्याने ऐकलेल्या चार गावांची नावे एकापुढे एक ठेवली आणि इंद्राच्या नगरीसारखी आहे म्हणून ठोकून दिले. ती हसली आणि दासींकरवी तिने त्याला बाहेर काढले.

इथे दुसऱ्या एखाद्या गोष्टीत तो लबाड संपला असता. पण सोमदेवाचे कसब असे की त्याने इथूनच गोष्ट सुरू केली. शक्तिदेवाला अपमान झोंबला आणि तो खरोखरच कनकपुरी शोधायला निघाला. विंध्याच्या रानात एक अतिवृद्ध तपस्वी भेटला. तो म्हणाला, एवढे आयुष्य गेले, पण हे नाव आजच ऐकतो आहे. माझ्या थोरल्या भावाला विचार. थोरल्यालाही माहीत नव्हते. त्याने समुद्रातल्या उत्स्थल नावाच्या बेटावरच्या कोळ्यांच्या राजाकडे पाठवले. बघा हं, दोन तपस्व्यांना जे ठाऊक नाही ते कदाचित कोळ्याला ठाऊक असेल, असे कथा मानते. वाटेत गलबत फुटले, याला एका प्रचंड माशाने गिळले, आणि तोच मासा त्या बेटाच्या कोळ्यांनी पकडून चिरला तेव्हा हा आतून जिवंत निघाला! पुढे कोळ्यांच्या राजाबरोबर नावेतून जाताना समुद्रात भोवऱ्याच्या तोंडाशी एक वडाचे झाड दिसले. नाव भोवऱ्यात जाऊ लागली. राजा स्वतः बुडाला, पण त्याच्या सांगण्यावरून शक्तिदेवाने उडी मारून फांदी धरली. रात्री त्या झाडावर गिधाडांसारखे महाकाय पक्षी वस्तीला आले आणि माणसांच्या भाषेत बोलू लागले. एक म्हातारा पक्षी म्हणाला, मी उद्या कनकपुरीला चरायला जाईन. शक्तिदेव हळूच त्याच्या पिसांत शिरून बसला.

असा तो त्या नगरीत पोचला. नगरीची स्वामिनी चंद्रप्रभा म्हणाली, सगळीकडे हिंड, पण वाड्याच्या मधल्या मजल्यावर जाऊ नकोस. जाऊ नको म्हटल्यावर कोण थांबतो? तो गेला. तिथे तीन रत्नमंडप होते. पहिल्यात पलंगावर चादर पांघरलेली. चादर बाजूला केली तर खाली कनकरेखा, निष्प्राण! जिला वर्धमान नगरात चालता-बोलता पाहिली, ती इथे मेलेली. बाकीच्या दोन मंडपांत आणखी दोन मुली, तशाच. चक्रावून बाहेर आला, तर तळ्याकाठी खोगीर घातलेला घोडा. बसायला गेला, घोड्याने लाथ मारली, हा तळ्यात पडला, आणि वर डोके काढतो तो वर्धमान नगरच्या बागेतल्या विहिरीत! दवंडी अजून चालूच होती. पुन्हा राजकन्येपुढे उभा राहिला. या वेळी तिने काही विचारायच्या आधी यानेच विचारले, “तिथे तू निष्प्राण पडली आहेस, इथे जिवंत आहेस, हे कसे?” ती समजली. शापाने माणूस झालेल्या त्या तीन बहिणींपैकी ती एक होती, आणि तिचा शाप तिथे संपला. पुढे पुष्कळ हाल सोसून शक्तिदेव पुन्हा कनकपुरीला पोचला आणि अखेर स्वतःच विद्याधरांचा राजा झाला.

ही गोष्ट मी कॉलेजात सांगतो तेव्हा मुलांना मासा आणि पक्षी आवडतात. मला आवडतो तो राजकन्येचा पहिला प्रश्न. कोणत्या वाटेने गेलास? जादूच्या गोष्टीतसुद्धा थाप पकडायची रीत हीच आहे. माझ्या अंगात देवी येते, माझ्या हातून अंगारा निघतो, असे म्हणणाऱ्याला गावात हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात.

आणि गुरुजींच्या शंकेला याहून थेट भिडणारी गोष्ट याच ग्रंथात आहे. ती तुम्हां-आम्हांला वेताळपंचविशी म्हणून ठाऊक आहे. ‘चांदोबा’त अनेकांनी विक्रम आणि वेताळ वाचले. आपण धरून चालतो की हा राजा उज्जैनचा. सोमदेवाचा राजा त्रिविक्रमसेन मात्र गोदातीरावरच्या प्रतिष्ठान देशाचा आहे. म्हणजे वेताळाचे प्रेत खांद्यावर घेऊन हा राजा चालला तो आपल्याच मुलखात!

आरंभ आठवा. क्षान्तिशील नावाचा एक भिक्षू रोज दरबारात येतो, राजाला एक फळ देतो आणि काही न मागता निघून जातो. असे दहा वर्षे चालते. राजा फळ कोषाध्यक्षाकडे देतो, तो ते न बघता कोठारात टाकतो. एके दिवशी पाळलेल्या माकडाच्या हाती फळ लागते, ते फोडते, तर आत अमोल रत्न. कोठार उघडून पाहतात, तो फळे सडून गेलेली आणि रत्नांचा ढीग पडलेला. आता राजा मिंधा झाला. आणि दहा वर्षे काही न मागणारा साधू तेव्हा मागतो: वद्य चतुर्दशीच्या रात्री स्मशानात ये, शिसवीच्या झाडाला लटकलेले प्रेत मला आणून दे.

पुढे वेताळ गोष्टी घालतो, राजा उत्तरे देतो, प्रेत झाडावर परत जाते, हे सर्वांना ठाऊक आहे. शेवटी एका कोड्याचे उत्तर राजाला येत नाही आणि तो गप्प राहतो. वेताळ प्रसन्न होऊन सांगतो, राजा, हा साधू तुझाच बळी देणार आहे. तो म्हणेल, जमिनीवर पालथा पडून नमस्कार कर. तू म्हण, मी राजा, मला असा नमस्कार घालायची सवय नाही, आधी तुम्ही घालून दाखवा. राजा तसेच करतो. साधू दाखवायला वाकतो आणि राजा तलवार चालवतो. हा सगळा खटाटोप त्या साधूने कशासाठी मांडला होता? विद्याधरांचे राज्य मिळावे म्हणून! विद्या साधण्याची वाट त्याला लांबची वाटली, आणि दुसऱ्याचे मुंडके देऊन काम होत असेल तर तो तयार होता.

आता कुणी म्हणेल, सर, तुम्ही सोयीचे तेवढे सांगता. त्या गोष्टीत साधूचा मंत्र खोटा कुठे आहे? बरोबर आहे. सोमदेवाच्या जगात मंत्र चालतात, प्रेते बोलतात. त्याला विज्ञानाचा प्रचारक ठरवायचा माझा इरादा नाही. शिवाय त्या ग्रंथात स्त्रियांविषयी ठिकठिकाणी जे लिहिले आहे, ते वर्गात सांगण्यासारखे नाही; निवड करावीच लागते. पण गोष्टीला एक उंबरठा असतो, आणि आपण समजतो त्याच्या पुष्कळ आधी तो मुलांना कळतो. उडणाऱ्या विद्याधराची गोष्ट ऐकून माडीवरून उडी मारणारे मूल मी पाहिलेले नाही. त्या गुरुजींच्या गावात मांत्रिकाकडे जे गेले ते मोठे लोक होते, आणि ते गोष्टीवर विसंबून गेले नव्हते. भीतीने गेले, आणि मागचे लोक जात आले म्हणून गेले. तेव्हा मी गुरुजींना पत्राने कळवले की गोष्टींचा तास पुन्हा सुरू करा. क्षान्तिशीलाची गोष्ट सांगा आणि मुलांनाच विचारा, दहा वर्षे फुकट फळ देणाऱ्याला राजाने पहिल्या दिवशी काय विचारायला हवे होते? आणि त्याच तासाला, गोष्टीच्या बाहेर येऊन, साध्या शब्दांत सांगा की साप चावला तर घटकाही न दवडता दवाखाना गाठायचा. सर्पदंशावरचे प्रतिविष तिथेच मिळते.

सापाचा विषय निघाला म्हणून शेवटची गोष्ट सांगतो, जीमूतवाहनाची. तीही याच ग्रंथातली, आणि सम्राट हर्षवर्धनाने तिच्यावर ‘नागानंद’ हे नाटक लिहिले. जीमूतवाहन हा विद्याधरांचा राजपुत्र. त्याच्या घरात पिढीजात कल्पवृक्ष होता. त्याने त्या झाडाकडे मागितले, पृथ्वीवरचे दारिद्र्य नाहीसे कर. झाडाने आभाळात उडून सोन्याचा पाऊस पाडला आणि ते निघून गेले. मग भाऊबंद राज्यावर टपले. याने भांडण केले नाही, आईबापांना घेऊन तो मलय पर्वतावर राहायला गेला. तिथे समुद्रकाठी त्याला एक म्हातारी नागीण रडताना दिसली. गरुडाशी ठरलेल्या करारानुसार नागांना रोज एक बळी द्यावा लागे, आणि आज तिच्या एकुलत्या एका मुलाची, शंखचूडाची पाळी होती. मुलगा गोकर्णाच्या देवाला शेवटचा नमस्कार करायला गेला, तेवढ्यात जीमूतवाहन त्याच्या जागी वध्यशिळेवर जाऊन बसला. गरुड झेपावला, त्याला उचलून डोंगरावर घेऊन गेला आणि खाऊ लागला. खाता खाता गरुड थबकला. हा ओरडत का नाही? याच्या चेहऱ्यावर आनंद कसला? इतक्यात शंखचूड धापा टाकीत आला आणि ओरडला, “नाग मी आहे, त्याला सोड!” गरुड खजील झाला. गौरीने अमृत शिंपडून जीमूतवाहनाला उठवले, आणि त्या डोंगरावर हाडे होऊन पडलेले सगळे नागही उठले.

आता पाहा, हा विद्याधर होता. त्याला उडता येत होते, नाहीसे होता येत होते. त्या शिळेवर त्याने यातली एकही विद्या वापरली नाही.

ही कथा आपल्या मातीत किती खोल गेली होती, त्याचा पुरावा दगडांत आणि ताम्रपटांत आहे. कोकणात आणि कोल्हापूरकडे राज्य करणारे शिलाहार राजे आपल्याला जीमूतवाहनाच्या वंशातले म्हणवीत. शिला म्हणजे तो वध्यशिळेचा दगड आणि आहार म्हणजे गरुडाचे अन्न, असा त्या नावाचा अर्थ लावला जातो. अंबरनाथचे शिवमंदिर याच घराण्याच्या काळचे. तिथल्या शिलालेखाचे साल शके 982, म्हणजे इसवी सन 1060. इकडे कोकणात हे मंदिर उभे राहिले आणि पुढच्या वीसेक वर्षांतच तिकडे काश्मिरात सोमदेवाने सूर्यवतीसाठी जीमूतवाहनाची कथा लिहिली. कोल्हापूर शाखेच्या काळातले खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिरही तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. या राजांच्या बिरुदांत एक बिरुद आहे, ‘सुवर्णगरुडध्वज’. ज्याच्या पूर्वजाला गरुडाने फाडून खाल्ले, त्या घराण्याने निशाणावर सोन्याचा गरुडच मिरवला.